हक्कसोड

पानशेतच्या अलीकडे, डांबर संपतं तिथं
तो बंगला. भाडं निम्मं.
निम्मं का? निमाआत्यानं विचारलं.
बाबा म्हणाले, ऑफ सीझन.
राखणदार म्हणाला, जिन्यात एक बाई बसते.
बाबांनी त्याच्याकडे असं पाहिलं
जसं ते वाढीव वीजबिलाकडे पाहतात.

पाच माणसं, दोन गाड्या.
कारण आजोबांच्या तेराव्यापासून
बाबा आणि आत्या एका गाडीत बसत नाहीत.
शार्दूलनं आत्याला आणलं,
खडकवासल्याला थांबून कणसं खाल्ली त्यांनी.
आम्ही थांबलो नाही.
आई पुढच्या सीटवर, मांडीवर डबा,
दहा जणांना पुरतील इतक्या पुऱ्या,
दर वळणावर झाकण दाबत.

सहल कशासाठी, हे सगळ्यांना ठाऊक होतं.
बाबांच्या बॅगेत, टॉवेलच्या घडीत
प्लॅस्टिकचं फोल्डर. त्यात पाचशेच्या स्टॅम्पवर
टाईप केलेलं हक्कसोडपत्र,
पाठीमागे मुद्रांकवाल्याचा जांभळा शिक्का,
आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीची फुली:
आत्या, सही इथं.

संध्याकाळी वरच्या खोलीतला दिवा आपोआप लागला.
बाबा ओरडले, शार्दूल, वीज फुकट आहे का?
बाथरूमचं दार धाडकन आपटलं.
आत्या म्हणाली, निघाला बरं वहिनीचा राग.
ओट्यावरून पातेलं स्वतःहून घरंगळत आलं,
माझ्या पायाशी थांबलं,
आणि शार्दूल मला म्हणाला,
तुझा नवरा आला वाटतं परत.
भुताला कुणी संधीच देईना.
आमच्याकडे प्रत्येक आवाजाला
आधीपासूनच एक नाव होतं.

जेवताना लोणचं माझ्यामार्फत फिरलं.
तुझ्या बापाला सांग, इकडे सरकव.
तुझ्या आत्याला सांग, तिला बीपी आहे.

रात्री पाणी प्यायला उठले.
जिन्यात कुणीतरी बसलं होतं.
मी झोपेत म्हटलं, सरका जरा.
सरकलं.

खाली बाथरूममध्ये नळ चालू होता,
अगदी बारीक, चोरासारखा.
बादली भरत होती.
बांगड्या वाजल्या. मग
कुणीतरी त्या कोपराकडे वर सारल्या
आणि वाजायच्या थांबल्या.
मी पाणी न पिताच परत आले.
वर जाताना पुन्हा म्हटलं, सरका.

सकाळी फोल्डर रिकामं. कागद बादलीत,
साबुदाण्यासारखा फुगलेला.
आजोबांचं नाव तेवढं अजून वाचता येत होतं.
बाबांनी एकेकाकडे पाहिलं.
आत्याकडे जास्त वेळ.
आत्या म्हणाली, माझ्याकडे काय बघतोस,
मी सही करणारच होते.
करणार होतीस? करणार होते.
कुणाचाच कुणावर विश्वास बसला नाही.
तेव्हा आई चहा गाळता गाळता म्हणाली,
भूत असेल.
चौतीस वर्षांत आईचं एक मत
घरात एकमतानं मंजूर झालं.

राखणदाराला मात्र राग आला.
साहेब, बाई असलं करत नाही.
कागदाला हात लावायला भिते ती.
एकदाच अंगठा दिला होता तिनं,
तेव्हापासून इथंच आहे.

दुपारीच निघालो. दोन दिवसांचे पैसे गेले.
कागदाचं काय, पुन्हा टाईप होईल,
बाबा स्टिअरिंगला सांगत होते.
खडकवासल्याला मात्र त्यांनी गाडी थांबवली,
कुणी म्हटलं नव्हतं.
मागून शार्दूलही थांबला.
धरणाच्या कठड्याला टेकून
पाच जणांनी पाच कणसं, पाच दिशांना तोंडं करून.
आईच्या बोटांची पेरं जांभळी होती.
आत्याला दिसली.
तिनं पर्समधून रुमाल काढला,
बाटलीतल्या पाण्यानं भिजवला,
आणि मधे मला न घालता
सरळ आईपुढे धरला.
तिखट लागलंय हाताला, वहिनी, म्हणाली.
पुसून टाका. डोळ्यात जाईल.